आईच्या नावानं शुभ सकाळ

आई गेल्याच्या सातव्या दिवशी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, आईनं सगळ्यांना शुभ सकाळ केलं.

को घराण्याच्या ग्रुपमध्ये अडतीस माणसं. त्या सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी एक गुलाबी कमळ उगवलं, पाकळ्यांवर दवाचे थेंब, बाजूला ठसठशीत पिवळ्या अक्षरांत ‘शुभ सकाळ! आजचा दिवस आनंदात जावो.’ पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आईचं नाव आणि तिचा तो टोपीतला, डोळे बारीक केलेला फोटो.

मेलेलं माणूस सातव्या दिवशी घरी येऊन जातं, हे दोंगगांग बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे कुणी घाबरलं नाही. उलट सगळे घाईघाईनं उत्तरं द्यायला लागले.

‘वहिनी आली!’ त्साय-युन आत्यानं लिहिलं. ‘वहिनी, तिकडे थंडी आहे का? हिरवा स्वेटर दिलाय बरोबर, बघ.’

‘काकू, प्रवास नीट झाला ना?’

ताइचुंगच्या चुलतभावानं लिहिलं, ‘काकू, आलातच आहात तर मंगळवारच्या सोडतीचे दोन आकडे तेवढे सांगून जा.’

इकडे आपल्या नाश्त्याच्या दुकानात आईची लेक सू-ल्वान एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात आईचा फोन धरून उभी होती, आणि तव्यावरची अंड्याची पोळी करपत होती.

झालं होतं एवढंच. आईचा फोन तिनं स्वतःजवळ ठेवला होता. गिऱ्हाईक यायच्या आधी जरा वेळ मिळाला म्हणून ती त्यातली फुलं बघत बसली. दोन हजारांवर फुलं होती. अकरा वर्षं आईनं रोज पाचला उठून एकेक फूल निवडलं होतं आणि सगळ्या घराण्याला पाठवलं होतं. त्यातलं शेवटचं कमळ आठवण म्हणून आपल्या फोनवर घ्यावं असं सू-ल्वानच्या मनात आलं. कुणाला पाठवायचं, असं फोननं विचारलं. यादीत सगळ्यांत वर ग्रुप होता. दुकानात वाफेनं चष्मा धुरकटतो म्हणून ती चष्मा घालत नसे. बोट तेलकट होतं. पाठवलं गेलं.

ते परत घ्यायची सोय फोनमध्ये असते, हे तिला माहीत होतं. पण ती सोय कुठल्या कोपऱ्यात आहे ते सापडेपर्यंत सतरा जणांनी कमळ बघितलं होतं आणि आत्या स्वेटरपर्यंत पोचली होती.

तिनं तव्याखालचा गॅस बंद केला, शेजारच्या फळवालीला म्हणाली, “जरा दुकान बघ,” आणि तीन गल्ल्या ओलांडून घराकडे पळाली. बाबांना काय वाटलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाबा, म्हणजे को छिंग-श्वेई, वय ब्याऐंशी, आयुष्यभर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. आई गेल्यापासून त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. हट्ट नव्हता, रडणं नव्हतं. वाटी समोर ठेवली की ते तिच्याकडे बघायचे, जशी काही ती शेजाऱ्यांची वाटी चुकून इकडे आलीय, आणि हळूच पुढे सरकवायचे. सहा दिवसांत त्यांच्या पायजम्याची नाडी दोनदा आवळावी लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, “या वयात असं दोन आठवडे चाललं तर मी काही करू शकणार नाही.”

सू-ल्वान दारातच थांबली. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर रताळ्याची पेज, खारवलेला मुळा. आणि ते खात होते.

आत्या स्वयंपाकघरातून पंज्यांवर बाहेर आली. दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस भावाकडे राहायला म्हणून ती आली होती आणि दोन दिवसांत तिनं घरातली सगळी भांडी जागची हलवली होती. तिनं सू-ल्वानचा दंड धरून तिला बाजूला ओढलं.

“बघितलंस? फोन वाजला, दादानं बघितलं, आणि मला म्हणतो कसा, ‘हिचं आलं. पेज आहे का?’ सहा दिवस मी पेज, पेज म्हणून ऊर फोडतेय, तेव्हा नाही. बायकोनं फूल दाखवलं की लागली भूक!”

“आत्या, ते फूल...”

“हो गं, तुझ्या आईची माया! मेली तरी सुटेना.” आत्यानं डोळ्यांना पदर... छे, टॉवेल लावला. “तू काय म्हणत होतीस?”

बाबांनी वाटी उचलून तळाशी राहिलेली पेज पिऊन टाकली.

“काही नाही,” सू-ल्वान म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा एक फूल पाठवलं. तिसऱ्या दिवशीही. एकदा पोळी उलटायची, एकदा सोयादूध ओतायचं, एकदा आईच्या फोनवर बोट ठेवायचं, असं ते चालू झालं. कुठलं फूल, खाली काय लिहिलंय, हे बघायला ना चष्मा होता ना वेळ. लाल दिसलं, पाठवलं. पिवळं दिसलं, पाठवलं. आई एका फुलासाठी अर्धा तास घ्यायची. एवढा अर्धा तास काय बघते, असं सू-ल्वानला कायम वाटत आलं होतं.

फोन ती मैद्याच्या डब्यामागे ठेवायची. घरी कुणी विचारलं तर सांगायची, आईच्या फोटोखालच्या खणात आहे. खण उघडून बघायचं धैर्य कुणालाच नव्हतं.

बाबा मात्र खायला लागले होते. एक वाटी, मग दीड. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माशाचं डोकं मागून घेतलं. नाडी सैल झाली. आणि त्यांच्यात एक विचित्र लगबग आली. दर सातव्या दिवशी आईसाठी कागदी वस्तू जाळायच्या असतात, म्हणजे त्या तिला तिकडे मिळतात. घर, मोटार, टीव्ही हे सगळं भाऊ वन-बिननं एकदमच ठरवून टाकलं होतं. पण चौथ्या आठवड्यात बाबा स्वतः काठी टेकत कागदाच्या दुकानात गेले आणि एक कागदी भिंतीवरचं कॅलेंडर करून घेऊन आले. पाचव्या आठवड्यात चष्मे. एक नाही, तीन. सहाव्यात एक कागदी नर्स, पांढरी टोपी घातलेली, हातात औषधाची बाटली.

कागदाच्या दुकानाची मालकीण सकाळी पोळी न्यायला आली तेव्हा म्हणाली, “तुझ्या बाबांचं बाई ऐकावं ते नवल. लोक बंगले मागतात, हे म्हणतात नर्स तेवढी शिकलेली दाखव.”

“म्हातारपण,” सू-ल्वान म्हणाली आणि पोळी उलटली.

वन-बिनचा फोन त्याच आठवड्यात आला. तो काओश्योंगला विमा कंपनीत होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीत काय काय बिघडू शकतं, ते त्याला पाठ होतं.

“ताई, आईचं खातं कुणीतरी पळवलंय.”

“कुणी?”

“भामटे. दुसरं कोण? रोज फुलं येतायत ती काय आपोआप? आत्याला वाटतंय आत्मा. आत्म्याला नेट लागत नाही का? आधी फुलं पाठवतात, विश्वास बसला की पैसे मागतात. आमच्या ऑफिसातल्या एकीला तिच्या मेलेल्या सासऱ्यानं दुकानातून गेमची कार्डं विकत घेऊन नंबर पाठवायला सांगितलं.”

“मग? तिनं पाठवले?”

“पाठवले ना. जिवंतपणी कधी त्याचा शब्द मोडला नव्हता.”

सू-ल्वानला हसू आलं. ते दाबण्यासाठी तिला खोकावं लागलं.

“हसू नकोस. एकोणपन्नासाव्या दिवशी मी येतोय. नंबर बंद करायचा, खातं पुसून टाकायचं. आणि पोलिसांत तक्रार द्यायची. कुणी पाठवलं, कुठून पाठवलं, सगळं निघतं त्यांच्याकडे.”

“पोलीस कशाला मध्येच?”

“का? तुला काय त्रास आहे?”

त्रास हा होता की बाबा आता दोन वाट्या खात होते.

सू-ल्वाननं मनाशी हिशेब मांडून बघितला. खातं बंद, की फुलं बंद, की पेज बंद. हे सांगावं तर फुलं कोण पाठवतंय ते सांगावं लागणार. ते सांगितलं तर बाबांना कळणार की बायको आलीच नव्हती, सातव्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मुलीनं तेलकट बोटानं त्यांना महिनाभर फसवलं. मग ती वाटी पुन्हा हळूच पुढे सरकणार. कुठूनही गेलं तरी वाट त्या वाटीपाशीच येत होती. त्या आठवड्यात तिनं दोन गिऱ्हाइकांच्या सोयादुधात मीठ घातलं.

*

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी मंत्रपठण आटोपलं. आईच्या फोटोसमोर ताटं मांडली होती: परतलेले नूडल्स, अख्खा मासा, पपई, आईला आवडायचा तिळाचा लाडू. ताटांपुढे एका बशीत दोन नाणी. मेलेल्या माणसाशी बोलायचं ते या नाण्यांनी. एक छापा एक काटा पडला, तर हो. दोन्ही काटे, तर नाही. दोन्ही छापे पडले, तर ते माणूस नुसतं हसलं.

पहिला प्रश्न नेहमीचा. वन-बिननं गुडघे टेकून विचारलं, “आई, जेवलीस का?” नाणी खणखणली. एक छापा, एक काटा.

“जेवली,” आत्या म्हणाली. “जेवणाच्या बाबतीत वहिनीनं कधी नखरे केले नाहीत.”

वन-बिननं गळा साफ केला. “आई, तुझ्या मोबाइल क्रमांकाची सेवा खंडित करून त्याच्याशी जोडलेलं खातं कायमचं बंद करायला तुझी संमती आहे का?”

दोन्ही छापे.

“हसली,” आत्या म्हणाली.

पुन्हा विचारलं. दोन्ही छापे. तिसऱ्यांदा दोन्ही काटे.

“अरे नीट विचार की! आई आहे ती तुझी. विम्याचा फॉर्म भरून घेतोयस का तिच्याकडून?”

“आत्या, विचारायचं काय त्यात? भामटे तिच्या नावानं...”

“भामटे म्हणू नकोस माझ्या वहिनीला!”

“मी आईला नाही म्हणत, मी...”

“आण इकडे,” बाबा म्हणाले.

बाबा खुर्चीतून उठले, काठी आत्याकडे दिली आणि बशीतली नाणी उचलून दोन्ही तळव्यांत धरली. सू-ल्वान मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कमरेच्या पिशवीत आईचा फोन होता आणि तो तव्यासारखा चटका देतोय असं तिला वाटत होतं.

बाबांनी खात्याचं काही विचारलंच नाही. फोटोकडे बघत ते अगदी हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलले.

“श्यू-लियेन, मी किती दिवस विचारीन विचारीन म्हणतोय. तुझं डोकं ठीक आहे ना?”

आत्यानं वन-बिनकडे बघितलं. वन-बिननं छताकडे.

नाणी पडली. दोन्ही छापे.

“हसून उडवू नकोस,” बाबा म्हणाले. “सोमवारी मला गुरुवारच्या शुभेच्छा पाठवतेस. वसंतात शरदातल्या चंद्राच्या सणाचे केक. परवा तर वाढदिवस, माझाही नाही, तुझाही नाही. वार विसरतेस म्हणून कॅलेंडर पाठवलं, दिसत नसेल म्हणून चष्मे पाठवले. नर्स पाठवली. ती बघते का तुझ्याकडे? मी इकडे दोन-दोन वाट्या गिळतोय. म्हटलं, दोघांतल्या एकाला तरी धड राहायला हवं. तू बरी आहेस का, तेवढं सांग.”

नाणी उडाली. एक घरंगळत टेबलाच्या पायापर्यंत गेलं. वन-बिननं वाकून बघितलं.

दोन्ही काटे.

“नाही म्हणतेय,” बाबा म्हणाले. “बरी नाही म्हणतेय ती.”

“मी पाठवली!” सू-ल्वान ओरडली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. ती पुढे आली, फोन काढला, आणि तो नाण्यांच्या बशीत ठेवला. “मी पाठवली, बाबा. सगळी. पहिलं चुकून गेलं, आणि तुम्ही पेज खाल्लीत, मग माझं बोट थांबेना. आईला काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे!”

एकोणपन्नास दिवसांपूर्वी वारलेल्या बाईबद्दल हे शेवटचं वाक्य कसं वाटतं, ते तिला बोलून गेल्यावर कळलं.

उदबत्तीची राख पडली.

“गुरुवारचं?” बाबांनी विचारलं.

“मीच.”

“चंद्राचे केक?”

“मला वाटलं सूर्यफूल आहे.”

“आणि ते हंसाचं, ‘शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे व्हा’ लिहिलेलं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला माझा. म्हटलं, हिचं आता तिकडे काय कापलं?”

“मीच, बाबा. पांढरं दिसलं, लिली वाटली.”

बाबा सावकाश खुर्चीत बसले. सू-ल्वान त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते मान खाली घालतील, आता सगळं संपलं. बाबांनी एक लांब श्वास सोडला, पोटाच्या तळापासून, आणि त्यांचे खांदे दोन बोटं खाली आले.

“म्हणजे ती धड आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“वार-बिर तिला कळतात.”

“तुमच्यापेक्षा जास्त कळत असणार.”

“मूर्ख पोरगी!” बाबांनी काठीसाठी हात पुढे केला. आत्यानं प्रसंग ओळखून ती दिली नाही. “तीन चष्मे जाळले मी! इकडे तुला द्यायला हवे होते. आणि अकरा वर्षं तिचं एक फूल कधी चुकलं नाही. सणाला सणाचं, पाऊस असला तर छत्रीवालं, पौर्णिमेला पौर्णिमेचं. दीड महिन्यात माती केलीस तिच्या नावाची. सगळ्या घराण्याला वाटलं असेल, कोची बायको भ्रमिष्ट झाली.”

“ताइचुंगच्या पुतण्यानं त्या तारखांवर आकडे लावले होते,” आत्या हळूच म्हणाली.

“लागले?”

“एकदा.”

वन-बिन अजून गुडघ्यांवरच होता. “ताई, मी पोलिसांना मेल लिहून ठेवलाय.”

“मग पाठव,” सू-ल्वान म्हणाली. तिचं नाक वाहत होतं. “सांग त्यांना, भामटी सापडली, अंड्याच्या पोळ्या विकते.”

बाबांनी बशीतला फोन बाजूला काढून ठेवला आणि नाणी पुन्हा उचलली. या वेळी ते उठले नाहीत, बसल्या बसल्याच बोलले, रोज संध्याकाळी दारात बसून बोलायचे तसे.

“अगं, ऐकलंस ना सगळं. अकरा वर्षं पाचला उठून तू अडतीस जणांना उठवत होतीस. त्यातले निम्मे न बघताच अंगठा दाखवत होते, मला ठाऊक आहे. आता पुरे. नाहीतर ही पोरगी उद्या तुझ्या नावानं मला दिवाळखोरीच्या शुभेच्छा पाठवील. बंद करू का?”

एक छापा, एक काटा. दोन्ही जागच्या जागी, अगदी जवळ जवळ.

“मी हेच विचारलं होतं!” वन-बिन म्हणाला.

“हे नव्हतं विचारलंस,” आत्या म्हणाली.

फुलं मात्र वन-बिननं आधी उतरवून घेतली, सगळीच्या सगळी, तीन ठिकाणी, कारण दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू हरवू शकते. मग त्यानं आईच्या फोनवर बोट ठेवलं, फोननं दोनदा खात्री आहे का विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यानं बाबांकडे बघून हो म्हटलं. खोलीतल्या चारही फोनवर ग्रुपमध्ये एक करडी ओळ उमटली: को श्यू-लियेन ग्रुपमधून बाहेर पडल्या.

मग आत्यानं चष्मा नाकावर खाली ओढून एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘वहिनी, सावकाश जा.’ त्याखाली मग ओळींवर ओळी यायला लागल्या. ताइचुंगच्या चुलतभावानं आकडे मागितले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सू-ल्वाननं नेहमीसारखं दुकान उघडलं. सहा वाजले. सहा दहा. तिचा हात दोनदा मैद्याच्या डब्याकडे गेला आणि परत आला. आत्या पहाटेच्या बसनं आपल्या घरी गेली होती. बाबा एकटे असणार. पेज झाकून ठेवलेली असणार. फोन काही वाजणार नाही. शाळेची मुलं, बंदरावरची माणसं, सगळी एकदमच आली आणि तिला तव्यापासून हलता येईना. साडेसात वाजले. दोन गिऱ्हाइकांना तिनं तिसऱ्याची पोळी दिली.

“मघापासून बसलोय,” मागून आवाज आला. “या दुकानात कुणी विचारतं की नाही?”

बाबा कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. केस ओले करून विंचरलेले, काठी टेबलाला टेकवलेली. घरात चूल असताना बाहेर नाश्ता करणं आईला खपत नसे. सोळा वर्षांत बाबा या दुकानात फक्त उद्घाटनाच्या पूजेच्या दिवशी आले होते, आणि तेही उभ्या उभ्या.

“बाबा! चालत आलात?”

“उडत येतोय का? पोळी दे. मुळ्याची. आणि अंडं कच्चं ठेवू नकोस, फळवाली सांगत होती, तू हल्ली कच्चं ठेवतेस.”

“मी कुठे म्हटलं?” फळवाली पलीकडून ओरडली. “मी करपवते म्हटलं होतं!”

सू-ल्वाननं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तो लगेच धुरकटला, आणि तशा धुरकट काचांतूनच तिनं पोळी नीट भाजली. बशी समोर ठेवली. बाबांनी ती इकडून बघितली, तिकडून बघितली, काठीनं... नाही, काड्यांनी एक तुकडा उचलला आणि बराच वेळ चावला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा उचलला.

अर्ध्याला आल्यावर त्यांनी काड्या खाली ठेवल्या. सू-ल्वानचं सोयादूध ओतणं थांबलं.

“हे बांधून दे,” बाबा म्हणाले. “दुपारी खाईन.”